पिठाच्या कागदावरची सही

१० डिसेंबर २००६, रविवार. मतदान केंद्रावरील उपाहाराचा खर्च नऊ हजार सहाशे द्राम. पाला भरलेल्या अठ्ठेचाळीस रोट्या, दर दोनशे द्राम, पुरवठा हमेस्त अर्स्ताम्यान, वय सहासष्ट. त्यातले आठ हजार मी शनिवारीच आगाऊ दिले होते आणि पावतीवर तिची सही घेतली होती. त्यानंतर तिनं कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.

तुतावान गावाचे हिशेब मी अडतीस वर्षं लिहितो आहे. आधी सामूहिक शेतीचे लिहायचो, आता ग्रामकचेरीचे. गावात कुठलंही मतदान असलं की चिटणीस मीच, कारण अक्षर माझं चांगलं आणि बेरीज चुकत नाही. येत्या एकतीस मार्चला मी निवृत्त होईन. त्याआधी हमेस्तबद्दल लिहून ठेवतो, कारण कचेरीच्या कागदांवर तिच्याबद्दल जे आहे ते खोटं आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच अक्षरात आहे.

हमेस्तचा जन्म १९४० चा. ती दोन वर्षांची असताना बाप जर्मनांशी लढायला गेला आणि त्याच्याऐवजी एक कागद घरी आला: ‘मागमूस न लागता बेपत्ता’. मेला म्हणून कळवलं असतं तर आईला मान मिळाला असता. बेपत्ता म्हणजे पळालाही असेल, शत्रूला शरणही गेला असेल. आईला पेन्शन तुटपुंजी मिळाली, संशय मात्र भरपूर मिळाला. १९७९ साली ती वारली तेव्हाही तो कागद आरशामागे खोचलेला होता. हमेस्त म्हणायची, "आमच्या घरात माणसं मरत नाहीत. त्यांचे कागद होतात."

पंधराव्या वर्षापासून ती रेशीमकिड्यांच्या तुकडीत होती. मे महिन्यात घरातली मोठी खोली किड्यांना द्यायची, आपण बाहेर जिन्याखाली झोपायचं, आणि उजाडायच्या आत तुतीच्या फांद्या तोडायला जायचं. कोषांचं वजन मी नोंदवायचो. वजन वाढावं म्हणून पुष्कळ जणी कोष ओले करून आणायच्या. हमेस्तची टोपली हाताला कोरडी लागायची. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. एकच मुलगा, नोरायर.

जानेवारी १९९४ मध्ये, लढाई चालू असताना, नोरायरची सैनिकी तुकडी डोंगरापलीकडे गेली. चौदा जण गेले होते, अकरा परत आले. दोघांना घोंगड्यात गुंडाळून आणलं. चौदावा नोरायर. बर्फ वितळलं की शोधू, असं त्यांच्या वरिष्ठानं हमेस्तला सांगितलं. तेव्हापासून बर्फ तेरा वेळा वितळलं. त्या वरिष्ठाचं आता शहरात दुमजली घर आहे. एकदा हमेस्त त्याच्या दारात जाऊन उभी राहिली, तर त्यानं नोकराच्या हाती तिला बसचं भाडं पाठवलं.

दर वर्षी कुणीतरी तिच्याकडे अर्ज घेऊन यायचं. मुलगा मृत झाल्याचं मान्य करून सही करा, शहिदाच्या आईची पेन्शन सुरू होईल. ती आलेल्याला चहा द्यायची, तुतीचा मुरंबा द्यायची आणि अर्ज परत करायची. "जिवंत आणा नाहीतर हाडं आणा. मग सही मागा."

आमच्याकडे मत माणूस देत नाही, घर देतं. एक जण घरातले सगळे पासपोर्ट घेऊन येतो आणि सगळ्यांचं मत टाकून जातो. सासरा अंथरुणाला खिळलेला असतो, मुलगा रशियात सिमेंट कालवत असतो, सून गाय पिळत असते. कायद्याला हे चालत नाही, गावाला चालतं. हमेस्त नेहमी दोन पासपोर्ट आणायची, तिचा आणि नोरायरचा, जुना लाल, विळा-हातोडा छापलेला. मी तिला दोन मतपत्रिका द्यायचो. नोरायरच्या नावापुढे ती स्वतःची सही करायची आणि कंसात ‘आई’ लिहायची. बारा वर्षांत जेवढी मतदानं झाली त्या प्रत्येक यादीत ते ‘आई’ आहे. कुणी हरकत घेतली नाही. यादीत नाव आहे तोवर तो आहे, एवढंच तिच्याजवळ होतं, आणि सगळ्या गावाला ते माहीत होतं.

गावच्या प्रमुखालाही माहीत होतं. प्रमुख म्हणजे तेल्मान. वय पन्नास, बाप पक्षाचा सेक्रेटरी, मुलाला नाव ठेवलं कुठल्याशा जर्मन कॉम्रेडचं. कम्युनिस्ट गेले तरी त्यांची एक खोड तेल्मानच्या अंगात राहिली: बाराच्या आत शंभर टक्के. जुन्या काळी कापणी असो, लोकर असो, मतदान असो, कुठलं गाव जिल्ह्याला आधी फोन करतं याची शर्यत लागायची. तेल्मान अजून ती शर्यत पळतो. या खेपेला तर राज्यघटनेवर कौल होता. लढून वेगळे झालो तरी जग आपल्याला देश मानत नाही, निदान आपण आपली घटना तरी लिहू, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. परदेशी निरीक्षक येणार होते. त्यांच्यापुढे बेपत्ता माणसाचं मत नको, आणि शंभर टक्क्यांत एक कमीही नको. तेल्माननं यावर काय तोड काढली ते मला रविवारी सकाळी कळलं.

यादी जिल्ह्याहून शुक्रवारी संध्याकाळी आली. दोनशे चौदा नावं. मी बेरीज तपासली. नावं तपासली नाहीत.

रविवारी सातला हमेस्त शाळेच्या सभागृहात आली. दोन टोपल्या, वर ओलं फडकं, खाली गरम रोट्या. सात तऱ्हांचा पाला लागतो त्या रोटीला. डिसेंबरात तो गोळा करायला तिनं दोन दिवस ओढ्याकाठी कंबर मोडली होती. टोपल्या शेगडीशेजारी ठेवून, हात पुसून, ती माझ्या टेबलाशी आली आणि दोन पासपोर्ट ठेवले.

"दोन दे, बेनिक. आज पहिली मीच."

मी यादीत बोट फिरवलं. मग परत फिरवलं.

"अक्का, एकच आहे."

"काय एकच?"

"नाव. तुझं एकटीचंच."

तिनं चष्मा लावला, यादी आपल्याकडे वळवली. अर्स्ताम्यान हमेस्त. खालच्या ओळीत अवानेस्यानांचं घर सुरू होत होतं.

"इथे ओळ होती," ती म्हणाली.

तेल्मान खिडकीशी फोनला रेंज शोधत होता. तिथूनच बोलला, "काकू, जिल्ह्यानं याद्या साफ केल्यात. सगळीकडेच. आणि तुमची संमती घेऊनच केलंय."

"माझी?"

"सही आहे तुमची. मी काय मनाचं सांगतोय होय?"

त्यानं फाइल आणली. आत एक मोठा कागद होता. वरच्या बाजूला टाइप केलेली पट्टी: खाली सही करणाऱ्या नातलगांची व ग्रामस्थांची नोरायर अर्स्ताम्यान याचं नाव नोंदींतून कमी करण्यास हरकत नाही. पट्टी चिकटवलेली होती. तिच्याखाली एकसष्ट सह्या. सदतिसावी सही हमेस्तची.

तो कागद मी ओळखला. रेघा माझ्या होत्या, निळ्या शाईच्या, अर्ध्या इंचाच्या अंतराच्या. ऑक्टोबरात मदतीचं पीठ आलं होतं आणि घरटी पोती वाटून मी सह्या घेतल्या होत्या. नंतर तो तक्ता तेल्माननं तपासायला म्हणून मागून नेला. मी दिला. वरचं शीर्षक कुणीतरी कात्रीनं सरळ कापलं होतं. पण प्रत्येक सहीपुढचा आकडा कापता आला नव्हता, कारण तो सहीला लागून होता.

हमेस्तनं बराच वेळ पाहिलं.

"सही माझीच," ती म्हणाली. "आणि हे दोन काय रे, तेल्मान? माझ्या सहीपुढे दोन लिहिलंय. नोरायर दोनदा मेला?"

रांगेतला साशिक, आमच्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर, पुढे वाकून बघत होता. "थांबा, थांबा. एकोणिसावी माझी आहे. माझ्यापुढे तीन." मग त्याचा आवाज खाली आला. "तीन पोती नेली होती मी. पीठ होतं ते."

"हो ना," हमेस्त म्हणाली. "चांगलं होतं पीठ. त्याच्याच रोट्या आणल्यात. खा."

एकेक जण आपली सही शोधू लागला. शाळेची शिपाईण, दूधवाला, माझा सख्खा चुलतभाऊ. सगळ्यांच्या सह्या होत्या. अख्ख्या गावानं नोरायरला मारलं होतं, पोत्याच्या भावानं, आणि हिशेब माझा होता.

"काकू, वाद घालायची ही वेळ आहे का?" तेल्मान म्हणाला. "आज इतिहास घडतोय."

"घडू दे. मी बसते इथे."

तिनं शेगडीजवळचं छोटं बाक ओढलं, शाळेतल्या पहिलीच्या पोरांचं, आणि बसली. मांडीवर दोन पासपोर्ट. येणाऱ्या प्रत्येकाला ती रोटी देत होती, सुट्टे पैसे डब्यात टाकत होती, कुणाच्या सुनेचं बाळंतपण विचारत होती. मत तेवढं देत नव्हती.

साडेअकराला दोनशे तेरा झाले. बाराला दोनशे तेरा. नदीपलीकडच्या गावानं पावणेबाराला शंभर टक्के कळवल्याचा फोन आला आणि तेल्मानचा चेहरा पडला.

"काकू, जान, तुमच्या पाया पडतो. एक शिक्का. बस्स, एक."

"नाव लिही."

"मेलेल्याचं नाव कसं लिहू?"

"प्रेत दाखव."

"प्रेत कुठून आणू मी?"

"मग मेला कशावरून म्हणतोस? पोत्यांवरून?"

साशिक म्हणाला, "तेल्मान, आजाऱ्यांच्या घरी न्यायची ती छोटी पेटी आण की. दाराशी नेऊन ठेवतोस तशी हिच्या पुढ्यात ठेव. चार पावलं तर आहेत." दोघं-तिघं हसले. हमेस्तही हसली, आणि तेच मला सहन झालं नाही. ती रडली असती तर मी मान खाली घालून आकडे लिहीत बसलो असतो.

सव्वाला निरीक्षकांची जीप आली. एक उंच परदेशी म्हातारा, एक बाई, आणि शहरातला दुभाषा. त्यांनी पेटीचं सील पाहिलं, पडदा पाहिला, भिंतीवरची यादी पाहिली. मग म्हातारा शेगडीशी आला. हमेस्तनं त्याला रोटी दिली. "तुझं दुखणं मला येऊ दे, बाबा, थंडीचा कुठून आलास. खा." त्यानं उभ्याउभ्या दोन खाल्ल्या. पैसे देऊ लागला, तर तिनं त्याची मूठ मिटवून परत केली.

दुभाष्यानं विचारलं, "हे विचारताहेत, तुम्ही मत दिलंत का? इथल्या कामाबद्दल काही तक्रार आहे का?"

तेल्मानच्या हातात ती फाइल होती, ती त्यानं पाठीमागे नेली. हमेस्तनं एक वाक्य बोलायची खोटी होती. ते वाक्य चार राजधान्यांत गेलं असतं. डोंगरापलीकडच्या शत्रूनं ते वर्षभर वाजवलं असतं: बघा यांची घटना, बघा यांची मतं.

हमेस्तनं पासपोर्ट ॲप्रनच्या खिशात सारले.

"तक्रार नाही," ती म्हणाली. "रोट्या भाजत होते, उशीर झाला. देईन आता मत."

म्हाताऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं, छातीला हात लावून तिला वंदन केलं आणि जीप गेली.

धूळ बसेपर्यंत ती उभीच होती. मग तेल्मानकडे वळली. आवाज चढवला नाही.

"तुला वाचवायला नाही बोलले, हे लक्षात ठेव. ज्या मातीसाठी माझा पोर गेला तिला जगासमोर नागडी करणार नाही मी. तू केली असतीस. पोत्याला एक, अशी केली असतीस. बारा वर्षं जगाला ओरडून सांगताय, आम्हाला यादीत घ्या, आम्ही आहोत, आम्ही आहोत. आणि स्वतःच्या यादीतून माझ्या पोराला कात्रीनं कापता? तुमचा तो घटनेचा पेपर मी चष्मा लावून वाचलाय. माणसाची किंमत फार लिहिलीय त्यात. एका ओळीची जागा नव्हती?"

तेल्मान म्हणाला, "काकू, वरून हुकूम..."

"कात्री वरून आली होती?"

मी कपाटातून पुरवणी यादीचा कोरा तक्ता काढला. चुकून राहिलेल्या मतदारासाठी तो असतो, प्रत्येक केंद्राला मिळतो. मी लिहिलं: अनुक्रमांक एक, अर्स्ताम्यान नोरायर, जन्म १९७३, तुतावान.

"बेनिक," तेल्मान दबक्या आवाजात म्हणाला, "मार्चमध्ये सुटतोयस ना? नीट सुट."

"नाव राहून गेलं होतं," मी म्हणालो. "लिहिलं."

हमेस्तनं नोरायरच्या नावापुढे सही केली नाही. पेन हातात धरून तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कंसात फक्त ‘आई’ लिहिलं. तिच्या स्वतःच्या ओळीपुढेही सहीच्या जागी तिनं नुसती फुली मारली, अंगठेबहाद्दरासारखी. कोषांच्या पावतीवर वळणदार सही करणारी बाई ती. दोन मतपत्रिका घेऊन ती पडद्यामागे गेली, आणि दोन्ही पेटीत टाकून रिकाम्या टोपल्या उचलून घरी गेली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तेल्माननं जिल्ह्याला फोन केला: शंभर टक्के.

माझी गोष्ट इथे संपवता आली असती तर मी आज बरा माणूस असतो.

आठला पेटी उघडली. दोनशे पंधरा मतपत्रिका. सगळ्यांवर होकार. तेल्माननं गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. "छापील यादी दोनशे चौदा. जिल्ह्याचा आकडा दोनशे चौदा. आता हा तुझा तक्ता जोडला तर मोजणी फेटाळतील. अख्ख्या गावाचं मत बाद. तिचंही बाद. चालेल?"

मी म्हणालो, "तिला शब्द दिलाय."

"तू नाव दिलंस. ते तिनं पाहिलं. झालं की. तिला काय कळणार आहे?"

त्यानं पुरवणी तक्त्याची घडी केली. गठ्ठ्यातली वरची एक मतपत्रिका उचलली आणि दोन्ही कागद शेगडीत टाकले. कुणाचं मत जळालं ते सांगता येत नाही. नोरायरचं असेल, हमेस्तचं असेल, माझंही असेल. सगळी सारखीच होती. मग त्यानं अहवाल पुढे केला. मतदार दोनशे चौदा, मतपत्रिका दोनशे चौदा, तक्रारी नाहीत. बेरीज जुळत होती.

मी सही केली.

मी का केली याचं उत्तर मी अडीच महिने शोधतो आहे. पेन्शन होती. गावाचं मत बाद होईल ही भीतीही खरी होती. आणि जुळलेल्या बेरजेवर सही करायची माझ्या हाताला सवय आहे. तेल्मानचा मला राग येतो. पण तेल्मान अडाणी आहे, त्याला शर्यत जिंकायची होती. मला हिशेब कळतो. आत काय दडवलंय ते मला माहीत होतं.

मंगळवारी मी उरलेले पैसे घेऊन तिच्याकडे गेलो. ती जिन्याखाली मिरच्यांच्या माळा सोडवत होती.

"नाव राहिलं ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. "नाही," मी म्हणालो. "जाळलं. मी सही केली."

ती माळ सोडवत राहिली. एक मिरची तुटली, ती तिनं वेगळी ठेवली.

"बारा वर्षं तू ते ‘आई’ कधी खोडलं नाहीस," ती म्हणाली. "मला वाटायचं, एक तरी माणूस आहे."

मी नोटा आणि पावती पुढे ठेवली.

"पैसे ठेव आणि जा."

"अक्का, पावतीवर सही लागते."

"मी आता सही करत नाही कशावर."

"नुसती फुली कर."

"फुलीचं पण काहीतरी कराल तुम्ही." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तूच कर ना माझी सही, बेनिक. वळण माहीत आहे तुला. तुम्हाला जमतं ते."

मी नोटा परत खिशात घातल्या आणि आलो.

तेव्हापासून जानेवारीचं पीठ आलं, फेब्रुवारीची लाकडं आली. दोन्ही तक्त्यांत सदतिसावी ओळ कोरी आहे. सही नाही म्हणून तेल्मान तिला काही देत नाही. तिचं पोतं साशिक आपल्या नावावर सही करून उचलतो आणि कुणी बघत नसताना तिच्या जिन्याखाली ठेवतो. ती ते उचलते की नाही मला माहीत नाही. धूर मात्र रोज दिसतो.

कपाटाची चावी एकतीस मार्चला मी नव्या हिशेबनिसाला देईन. आत तपकिरी पाकीट आहे, वर तिचं नाव. उपाहार खर्चापैकी हमेस्त अर्स्ताम्यान हिचे एक हजार सहाशे द्राम देणे बाकी आहे.